जुन्या लिनक्सच्या हार्ड डिस्कवरील पार्टिशनचे दोष: शोध आणि दुरुस्ती

कोकणच्या गावांतून एखाद्या वाचनालयाची ग्रंथसूची, देवस्थानाचा जमाखर्च किंवा काजू कारखान्याचे जुने हिशेब अजूनही अशा संगणकात पडून असतात, ज्यावर कोणे एके काळी रेड हॅट ६ किंवा ७, स्लॅकवेअर, डेबियन किंवा पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवरचे पीसीक्यूलिनक्स चढवलेले होते. असा संगणक कित्येक महिन्यांनी सुरू करावा आणि पडद्यावर पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र विभाग) सापडत नसल्याचा संदेश यावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी बहुतेक माहिती शाबूत असते. ती जाते ती दोष नेमका कुठे आहे हे कळण्याआधी केलेल्या दुरुस्तीमुळे. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांचा क्रम एकाच नियमावर बेतलेला आहे: केबल, बायॉस (संगणक सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम), पार्टिशन टेबल (पार्टिशनांची यादी) आणि फाइल सिस्टिम (पार्टिशनच्या आत फायली मांडण्याची व्यवस्था) या चौघांपैकी चुकीचे कोण सांगत आहे हे ठरेपर्यंत डिस्कवर एक अक्षरही लिहायचे नाही.

येथे आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत द्याव्यात. जुन्या लिनक्समध्ये पहिल्या आयडीई केबलवरील (डिस्क मदरबोर्डला जोडण्याची जुनी पद्धत) मास्टर, म्हणजे पहिल्या, डिस्कला एचडीए, स्लेव्हला, म्हणजे दुसऱ्या डिस्कला, एचडीबी आणि दुसऱ्या केबलवरील मास्टरला एचडीसी असे नाव असते. हीच डिस्क यूएसबी अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडली, तर तिचे नाव एसडीए, एसडीबी असे काहीतरी होते, हे ध्यानात ठेवावे.

टेबलमध्ये काय असते

डिस्कचा अगदी पहिला सेक्टर (डिस्कवरील जागेचा सर्वांत लहान तुकडा) ५१२ बाइटांचा असतो. त्यातील पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी असतात, पुढचे ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल, आणि शेवटच्या दोन बाइटांत ५५ आणि एए ही खूण असते. ६४ बाइटांत प्रत्येकी १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य पार्टिशने चारपेक्षा जास्त होत नाहीत. प्रत्येक नोंदीत बूटची खूण, पार्टिशनचा प्रकार, सुरुवात आणि लांबी असते. लिनक्सच्या पार्टिशनचा प्रकार ८३, स्वॅपचा (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या जागेचा) ८२ आणि एक्स्टेंडेडचा (आत आणखी पार्टिशने सामावणाऱ्याचा) ५ असतो.

या टेबलकडे सातबाऱ्यासारखे पाहावे. उताऱ्यावर चुकीचे क्षेत्र लागले म्हणून जमीन हलत नाही, आणि जागेवरच्या हद्दीच्या खुणा पाहून उतारा दुरुस्त करता येतो. डिस्कवर या खुणांचे काम फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक (तिची स्वतःविषयीची नोंद) करतो, कारण फाइल सिस्टिम किती ब्लॉकांची, म्हणजे जागेच्या सारख्या तुकड्यांची, आहे हे त्यात स्वतंत्रपणे लिहिलेले असते. या लेखातील मुख्य दुरुस्ती याच गोष्टीच्या आधारे होते.

वीज देण्यापूर्वी

किनाऱ्यावर पार्टिशनचा म्हणून वाटणारा दोष अनेकदा पार्टिशनचा नसतोच. खारी, दमट हवा पितळी आणि तांब्याच्या भागांवर बसते, आयडीई केबलच्या पिनांवर हिरवट थर येतो आणि वाचन मध्येच तुटते. पावसाळाभर बंद असलेला संगणक थेट सुरू करू नये. डिस्क काढून कोरड्या खोलीत, शक्य तर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात किमान एक दिवस ठेवावी. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसाव्यात. डिस्कच्या खालच्या बाजूची हिरवी पाटी टॉर्क्स स्क्रू काढून अलगद उचलली, तर अनेक डिस्कांत आतल्या बाजूला मोटर आणि हेड यांच्याकडे जाणारे चकचकीत ठिपके दिसतात. ते काळवंडलेले असतील तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासून स्वच्छ करावेत आणि रबराचा भुगा पूर्णपणे झटकावा. डिस्कचे धातूचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. पुराच्या पाण्यात बुडालेल्या डिस्कला तर वीज देऊच नये. ती माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेचेच काम आहे.

केबल पाहावी. जुनी केबल ४० तारांची असते, आणि यूडीएमए (माहितीची वेगवान ने-आण करण्याची पद्धत) ६६ किंवा त्याहून अधिक वेगासाठी ८० तारांची लागते. जंपर (डिस्कच्या पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या) मास्टर आणि स्लेव्ह यांपैकी योग्य जागी आहेत ना, हेही पाहून घ्यावे. वीज दिल्यावर डिस्क ठराविक लयीत टकटक आवाज करू लागली, तर त्याच क्षणी बंद करावी, कारण तिथे पार्टिशनची चर्चा संपते.

बायॉसची बॅटरी

मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी संपली की बायॉस आपली मांडणी विसरते. डिस्कवरील जागेचा पत्ता एलबीए पद्धतीत सेक्टरांच्या सलग क्रमांकाने, तर जुन्या पद्धतीत सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगतात. मग डिस्कचा प्रकार एलबीएऐवजी नॉर्मल किंवा लार्ज असा होतो, आणि २५५ हेड गृहीत धरून केलेली पार्टिशने १६ हेडांच्या हिशेबाने वाचली जाऊ लागतात. सारे टेबल मोडले आहे असे दिसते, प्रत्यक्षात त्यातील एकही बाइट बदललेला नसतो. २.२ आणि २.४ या काळातील कर्नेल (लिनक्सचा गाभा) सिलिंडर-हेडांची ही माहिती बायॉसकडून घेत असल्यामुळे हा दोष लिनक्समध्येही उतरतो. तारीख चुकलेली दिसली, तर आधी बॅटरी बदलावी आणि मगच बायॉसमध्ये डिस्क एलबीए म्हणून नेमावी. ते शक्य नसेल, तर बूटच्या वेळी कर्नेलला एचडीए=२४९१,२५५,६३ अशा रूपात सिलिंडर, हेड आणि सेक्टरची संख्या सांगता येते. हा आकडा आपल्या डिस्कप्रमाणे बदलेल.

या हिशेबामागे जुन्या मर्यादा आहेत. १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर धरले तर डिस्क सुमारे ५२८ मेगाबाइटांपर्यंतच पोहोचते. २५५ हेड धरले की ही मर्यादा सुमारे ८.४ गिगाबाइटांवर जाते. त्याकाळी ८.४ गिगाबाइटांच्या पलीकडे असलेले कर्नेल बूट होत नसे ते याचमुळे.

कर्नेल काय सांगते ते वाचणे

आता संगणक लाइव्ह सीडीवरून, म्हणजे डिस्कऐवजी सीडीतूनच चालणाऱ्या लिनक्सवरून, सुरू करावा. नॉपिक्स या कामाला चांगली आहे, पण बूट करताना नोस्वॅप हा पर्याय द्यावा. डिस्कवर स्वॅप सापडले की ती ते आपणहून वापरू लागते, आणि टेबलच संशयित असताना स्वॅपमध्ये लिहिणे धोक्याचे असते. नंतर डीमेसेज आज्ञेने कर्नेलचे संदेश पाहावेत.

एचडीएच्या ओळीत डीएमए (प्रोसेसरला वगळून होणारी माहितीची ने-आण) त्रुटीबरोबर बॅड सीआरसी असे शब्द असतील, तर दोष केबल किंवा जोडणीत आहे. केबल बदलावी, पिना पुन्हा पुसाव्यात, आणि तोवर एचडीपार्म -डी० या आज्ञेने डीएमए बंद ठेवावे. अनकरेक्टेबल एरर असे शब्द आणि पुढे सेक्टरचा क्रमांक असेल, तर डिस्कचा पृष्ठभागच खराब झालेला आहे. डिस्कने ठेवलेली स्वतःच्या प्रकृतीची नोंद दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल -ए आज्ञेच्या यादीतही हाच भेद दिसतो: क्रमांक १९९ वाढत असेल तर केबलकडे पाहावे, क्रमांक ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत असे समजावे. ॲटेम्प्ट टू ॲक्सेस बियाँड एंड ऑफ डिव्हाइस हा संदेश वेगळा आहे. त्याचा अर्थ फाइल सिस्टिम पार्टिशनच्या नोंदलेल्या शेवटापलीकडचे काहीतरी मागत आहे, आणि तो थेट टेबलच्या चुकीकडे बोट दाखवतो.

व्हीएफएस अनेबल टू माउंट रूट एफएस (म्हणजे मुख्य, रूट पार्टिशन वापरासाठी जोडता, माउंट करता आले नाही) या संदेशापुढे ०३:०३ सारखे दोन आकडे असतात. पहिला आकडा केबलचा आणि दुसरा पार्टिशनचा, म्हणजे ०३:०३ हे एचडीए३ होय. ०३:०५ असेल तर कर्नेल एचडीए५ शोधत आहे. हे आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

आधी नक्कल

पुढे जाण्यापूर्वी डिस्कची संपूर्ण नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. डिस्क निरोगी असेल तर डीडी ही नक्कल करणारी आज्ञा पुरते. खराब सेक्टर असतील तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरावी, कारण ती वाचता येणारा भाग आधी उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येते. पावसाळ्यात आपल्याकडे या शेवटच्या गुणाचे मोल फार आहे. तरीही इन्व्हर्टरशिवाय हे काम सुरू करू नये.

डीडीत आयएफ म्हणजे जिथून वाचायचे ती डिस्क आणि ओएफ म्हणजे जिथे लिहायचे ती. या दोघांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते आणि त्यावर उपाय नाही. म्हणून आज्ञा टंकल्यावर एंटर दाबण्याआधी दोन्ही नावे एफडिस्क -एल या पार्टिशने दाखवणाऱ्या आज्ञेच्या यादीतील आकाराशी मोठ्याने वाचून पडताळावीत. जाणत्या माणसाकडूनही डिव्हाइसचे नाव चुकते: १९९१ साली खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातून मोडेमसाठीची आज्ञा हार्ड डिस्कवर लिहिली जाऊन त्यांचे मिनिक्स या दुसऱ्या कार्यप्रणालीचे पार्टिशन खराब झाले होते.

यापुढची प्रत्येक पायरी नक्कल केलेल्या डिस्कवर करावी, आणि मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी.

एफडिस्कच्या यादीतील खरे आणि खोटे इशारे

एफडिस्क -एल ही आज्ञा फक्त वाचते, त्यामुळे ती निर्धास्त द्यावी. सिलिंडरांची संख्या १०२४पेक्षा जास्त असल्याचा इशारा निरुपद्रवी आहे. ब्लॉकांच्या आकड्यापुढील अधिकचे चिन्ह म्हणजे सेक्टरांची संख्या विषम आहे एवढेच. पार्टिशन सिलिंडरच्या सीमेवर संपत नसल्याचा इशाराही बहुधा दुसऱ्या प्रोग्रॅमने वेगळ्या हेडसंख्येने पार्टिशन केल्याचे सांगतो. लिनक्स सेक्टरांचा हिशेब पाळते, त्यामुळे तेवढ्यावरून दुरुस्ती करू नये. अनेकांनी याच इशाऱ्यापायी चांगले टेबल बिघडवलेले आहे, म्हणून हे आवर्जून सांगत आहे.

खरी काळजी तीन गोष्टींची करावी: दोन पार्टिशने एकमेकांवर चढलेली असणे, एखाद्याचा शेवट डिस्कच्या टोकापलीकडे असणे, आणि दोन पार्टिशनांच्या मध्ये कुणाचीच नसलेली जागा असणे. एफडिस्कमध्ये शिरून यू दाबल्यास यादी सेक्टरांत दिसते, व्ही दाबल्यास पडताळणी होते, आणि क्यू दाबल्यास काहीही न लिहिता बाहेर पडता येते. डब्ल्यू दाबेपर्यंत डिस्कवर काहीच लिहिले जात नाही.

एक पूर्ण उदाहरण

२० गिगाबाइटांची, २४९१ सिलिंडरांची डिस्क घेऊ. २५५ हेड आणि ६३ सेक्टर यांचा गुणाकार १६०६५, म्हणजे एका सिलिंडरमध्ये १६०६५ सेक्टर. यादीत एचडीए१ हे बूटचे पार्टिशन सिलिंडर १ ते १३, एचडीए२ हे स्वॅप १४ ते ७७, एचडीए३ हे रूट ७८ ते १३५१, आणि एचडीए४ हे एक्स्टेंडेड १३५३ ते २४९१ असे दिसते. सिलिंडर १३५२ कुणाचेच नाही, ही पहिली शंका.

संगणक सुरू होताना ई२एफएससीके, म्हणजे एक्स्ट२ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमची तपासणी करणारी आज्ञा, थांबते आणि सांगते की सुपरब्लॉकप्रमाणे फाइल सिस्टिम २५६०३५९ ब्लॉकांची आहे, पण पार्टिशन प्रत्यक्षात २५५८३५१ ब्लॉकांचे आहे. दोहोंपैकी एक बिघडलेले दिसते, थांबायचे का, असे ती विचारते. येथे उत्तर हो असेच द्यावे. दुरुस्तीसाठी रूटचा पासवर्ड मागणाऱ्या त्या पडद्यावर घाईने एफएससीके -वाय अशी आज्ञा देणे हीच या साऱ्या प्रकारातील सर्वांत महाग चूक आहे. -वायने प्रत्येक प्रश्नाला हो असे उत्तर जाते, आणि टेबल चुकीचे असताना ती आज्ञा आवाक्याबाहेर दिसणारे चांगले ब्लॉकही निकामी ठरवत सुटते.

आता आकडेमोड करावी. दोन्ही संख्यांतील फरक २००८ ब्लॉकांचा आहे. ब्लॉक ४ किलोबाइटांचा, म्हणजे ८ सेक्टरांचा. २००८ गुणिले ८ म्हणजे १६०६४ सेक्टर, म्हणजे जवळजवळ नेमके एक सिलिंडर. उलट बाजूनेही पडताळता येते: २५६०३५९ गुणिले ८ म्हणजे २०४८२८७२ सेक्टर, त्याला १६०६५ने भागले की १२७५ सिलिंडरांना काही सेक्टर कमी पडतात. म्हणजे पार्टिशन मुळात १२७५ सिलिंडरांचे होते. ७८व्या सिलिंडरापासून १२७५ मोजले की शेवट १३५२वर येतो, आणि रिकामी दिसणारी जागाही नेमकी तीच आहे. दोन स्वतंत्र पुरावे एकाच उत्तरावर आले: कुणीतरी कधीतरी एचडीए३ पुन्हा तयार करताना शेवट एका सिलिंडरने कमी दिला होता.

सुरुवात बरोबर आहे ना, हेही पाहावे. ७८व्या सिलिंडरापूर्वी ७७ सिलिंडर जातात, म्हणून सुरुवातीचा सेक्टर ७७ गुणिले १६०६५, म्हणजे १२३७००५. एक्स्ट२ची खूण ईएफ५३ ही पार्टिशनच्या सुरुवातीपासून १०८०व्या बाइटवर, ५३ आणि ईएफ अशा उलट क्रमाने असते. डीडीने त्या सेक्टरपासून पुढचे चार सेक्टर वाचून हेक्सडम्पमध्ये (बाइट आकड्यांच्या रूपात दाखवणाऱ्या आज्ञेत) पाहिले, की ती तिथे आहे की नाही हे दिसते. खूण सापडली म्हणजे सुरुवात पक्की झाली.

मग एफडिस्कमध्ये जाऊन तिसरे पार्टिशन डीने काढावे, एनने पुन्हा मुख्य पार्टिशन म्हणून तयार करावे, सुरुवात ७८ आणि शेवट १३५२ द्यावा, टीने प्रकार ८३ ठेवावा, पीने यादी पुन्हा पाहावी आणि सारे जुळले तरच डब्ल्यू दाबावे. पार्टिशन काढणे म्हणजे टेबलमधील १६ बाइट पुसणे. आतील फायलींना त्याने धक्का लागत नाही. फॉर्मॅट करणारी एमकेई२एफएस ही आज्ञा येथे देऊ नये. नव्या लिनक्सवर हे काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. नवी एफडिस्क सेक्टरांत बोलते आणि सुरुवात आपल्या मनाने सुचवते, म्हणून १२३७००५ आणि शेवटचा २१७१९८७९ हे आकडे स्वतः टंकावेत. शिवाय तिथे फाइल सिस्टिमची खूण सापडली, ती काढू का, असे ती विचारते. त्याला ठामपणे नाही म्हणावे.

डब्ल्यूनंतर डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी असा संदेश आला, तर कर्नेलने नवे टेबल अजून घेतलेले नाही. संगणक पुन्हा सुरू करावा, आणि तोपर्यंत ई२एफएससीके चालवू नये. पुन्हा सुरू झाल्यावर आधी ई२एफएससीके -एफ -एन द्यावी, जी काही न बदलता फक्त तपासते. आकारांचा वाद मिटला आणि थोडेच दोष उरले असतील, तर मग -एन वगळून ती खऱ्या अर्थाने चालवावी.

सुपरब्लॉकच वाचता येत नसेल, तर त्याच्या प्रती डिस्कवर इतरत्र असतात: १ किलोबाइटच्या ब्लॉकांत ८१९३व्या, २ किलोबाइटच्या ब्लॉकांत १६३८४व्या आणि ४ किलोबाइटच्या ब्लॉकांत ३२७६८व्या ब्लॉकवर. ई२एफएससीके -बी ३२७६८ अशी आज्ञा देऊन ती प्रत वापरता येते. सोबत -एन ठेवून आधी नुसते पाहावे.

एक्स्टेंडेड पार्टिशनची साखळी

एचडीए५ आणि पुढची पार्टिशने मुख्य टेबलमध्ये नसतात. प्रत्येकाचे स्वतःचे छोटे टेबल असते आणि ते पुढच्याचा पत्ता सांगते, त्यामुळे मधली एक कडी तुटली की त्यापुढची सारी पार्टिशने एकदम नाहीशी होतात. यादीत एचडीए५ आहे पण एचडीए६, एचडीए७ गायब आहेत असे दिसले, तर ही साखळीच तपासावी. हाताने ती जोडणे किचकट आहे. येथे टेस्टडिस्क वापरणे शहाणपणाचे. ती डिस्कभर फाइल सिस्टिमच्या खुणा शोधून यादी मांडते, प्रत्येक पार्टिशनमधील फायली आधी दाखवते, आणि लिहिण्याचा निर्णय आपल्यावर सोडते. यादीत ओळखीची फोल्डरे दिसली तरच पुढे जावे.

दुसरी गोम क्रमांकांची आहे. एचडीए५ काढून टाकले तर एचडीए६चे एचडीए५ होते. जुन्या लिनक्सची एफएसटॅब फाइल (कोणते पार्टिशन कुठे माउंट करायचे ते सांगणारी) पार्टिशनांना नावानेच ओळखते, त्यामुळे टेबल अगदी बरोबर असूनही होमच्या (वापरकर्त्यांच्या फायलींच्या) जागी भलतेच पार्टिशन माउंट होऊ पाहते. अशा वेळी टेबलला हात न लावता एफएसटॅबमधील नावे दुरुस्त करावीत.

बूट होत नसेल तर

टेबल दुरुस्त झाल्यावरही लिलो (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) एल आणि आय एवढी दोनच अक्षरे दाखवून अडकत असेल, तर त्याचा दुसरा टप्पा वाचला गेला पण चालला नाही. हे बहुधा बायॉस आणि लिलो यांच्या सिलिंडर-हेडांच्या हिशेबातील तफावतीने होते. एल अक्षरापुढे ०४ असा आकडा आला तर सेक्टर सापडला नाही, आणि ८० आला तर डिस्कने वेळेत उत्तर दिले नाही. लिलोऐवजी ग्रब हा तसाच दुसरा प्रोग्रॅम असेल तर त्रुटी १७ म्हणजे पार्टिशन माउंट झाले नाही, २२ म्हणजे ते अस्तित्वातच नाही आणि १८ म्हणजे ते बायॉसच्या आवाक्याबाहेर आहे. लिलोसाठी लाइव्ह सीडीवरून एचडीए३ माउंट करावे, त्यातील बूट फोल्डरवर एचडीए१ माउंट करावे, सीएचरूट आज्ञेने त्या लिनक्सच्या आत जावे, लिलो डॉट कॉन्फमध्ये एलबीए३२ ही ओळ आहे ना ते पाहावे आणि लिलो -व्ही चालवावे. डॉसची एफडिस्क /एमबीआर ही आज्ञा या कामासाठी वापरू नये. ती लिलो पुसते, आणि ५५ एए ही खूण बिघडलेली असेल तर टेबलही शून्य करू शकते.

सारे सुरळीत झाल्यावर एसएफडिस्क -डी आज्ञेने टेबलची प्रत घ्यावी. ती फ्लॉपीवर ठेवून आपल्या हवेत काही उपयोग नाही, कारण पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते. दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवावी आणि एफडिस्क -एलची सेक्टरांतील यादी कागदावर उतरवून कॅबिनेटच्या आत चिकटवावी. पुन्हा कधी टेबल गेले, तर हीच प्रत एसएफडिस्कला परत दिली की काम होते. पहिला सेक्टर डीडीने जपला असेल तर एक फरक लक्षात ठेवावा: फक्त बूटचा प्रोग्रॅम परत आणायचा असेल तर ४४६ बाइटच लिहावेत, कारण ५१२ लिहिले तर त्या दिवशीचे जुने टेबलही आजच्या टेबलवर जाऊन बसते. यानंतर काही दिवस डीमेसेज पाहत राहावे, आणि बॅड सीआरसीची ओळ पुन्हा दिसली तर एफडिस्क उघडण्याआधी केबल बदलावी.